टाकी

बाहेर त्रेचाळीस, आत एसी.
आईने दारातच चपला काढल्या.
राहू द्या मावशी, रखवालदार म्हणाला, देऊळ नाही हे.
"दगड हाईत न्हवं आत?"
म्हणत ती अनवाणीच शिरली.

खरं तर दगड नव्हतेच.
दगड राहिले चीनमध्ये,
आपापल्या डोंगरात, आपापल्या थडग्यांशी.
सोलापुरात पंधरा दिवसांसाठी आले होते
त्यांचे कागदी ठसे.
ओला कागद दगडाच्या अंगाला बसवायचा,
शाईची पुरचुंडी त्यावर थोपटत जायचं,
छिन्नी खोल गेली तिथे शाई पोचत नाही.
काळ्यावर पांढरं उमटतं ते
कोरणाऱ्याने काढून टाकलेलं.

मी पाट्या वाचून दाखवत होते.
राजवट, साल, लिपीचं वळण.
हा कुणा अंमलदाराच्या बायकोचा मृत्युलेख,
हा पूल बांधल्याचा,
ओळी वरून खाली, उजवीकडून डावीकडे.
आई ऐकत नव्हती.
एका फोटोपाशी थांबली होती :
पाठीवर आख्खा शिलालेख घेऊन बसलेलं दगडी कासव.
तिने हात जोडले.
"आपलं देवळात फरशीत निवांत असतंय.
ह्येला बघ, ओझं दिलंय."

तिप्पव्वा मल्लाप्पा बंदपट्टे.
शाळा : नाही.
चाळीस वर्षं बुधवार पेठ ते अक्कलकोट रोड,
खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी आणि तीन टाक्या,
पाट्याला टाकीऽऽऽ, जात्याला टाकीऽऽऽ
मिक्सर आले तशी हाक लांबत गेली,
एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून पार विडी घरकुलापर्यंत,
मग एके दिवशी पिशवी खुंटीवरच राहिली.

सातव्या ठशाशी तिने मला ओढलं.
पाटीवर होतं : मजकूर झिजलेला, वाचता येत नाही.
"ह्यो डावखुरा," ती म्हणाली.
कशावरून?
बोट काचेपासून वीतभर लांब धरून
हवेतच तिने घाव मोजले.
"हितनं टाकी पाजवून आणल्या.
हितं दगडात शीर लागली, बाजूनं गेलाय बघ.
ह्या ओळीला ऊन डोक्यावर आलंय.
आन् हितं, हितं उठलाय,
कुणीतरी हाक मारली असंल.
परत बसला तवा हात निराळा."

मग लिहिलंय काय, मी विचारलं.
"ते त्येला तरी कुठं ठावं?"

शेवटच्या ठशाखाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, पदवीसकट.
कोरणारा अज्ञात.
मला तिथे काहीतरी वाटायला हवं होतं, वाटलंही.
आई मात्र पुढे गेली होती,
पाणी कुठं मिळंल, असं त्या रखवालदाराला विचारत.

रविवारी मी परसात पाटा धुतला.
पतंगाचा कागद ओला करून बसवला.
मुलाच्या रंगपेटीतली काळी वडी उगाळली,
कापसाची पुरचुंडी केली,
थोपटत बसले.
दोन कागद फाटले.
तिसऱ्यावर आलं.
टिंबं, टिंबं, तिरकी, दाट, मधेच विरळ,
सुपात ज्वारी एका बाजूला सरकावी तशी.
मनात म्हटलं, हे माझ्या आईचं अक्षर.
हे वाक्य मी दोनदा म्हटलं. आवडलं होतं मला.

तिला नेऊन दाखवलं.
तिने कागद उलटा धरला, मग सुलटा,
मग चष्मा शोधून आणला.
मी वाट बघत उभी.

"मधलं माझं हाय," ती म्हणाली.
"ही कडंची चार बोटं माझी न्हाईत. सासूची.
तिचं टाकं मी कधी मोडलं न्हाई,
भवतीनंच लावत आले."

वाऱ्याने कागदाचं टोक हलत होतं.
तिने अंगठ्याने ते दाबून धरलं,
अंगठा काळा झाला, तो पदराला न पुसता
तसाच बघत राहिली.

"आन् पाटा आधी धू जा," ती म्हणाली,
"शाईची चटणी कोण खाणाराय?"