मिरचीचे हात

नंदुरबारच्या बाहेर, रेल्वेफाटकापल्याड,
पथारीवर ओली मिरची पसरतात
तेव्हा जमीन दिसेनाशी होते.
सोळा हिवाळे मी तिथं वाकले आहे.
देठ खुडायचे, डागी निवडायची,
दुपारी एकदा सगळी उलथायची.
संध्याकाळी हात चुलीसारखे.
खोबरेल लावा, ताक लावा, विझत नाहीत.

त्या वर्षी कसियाचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं.
नाताळच्या आत पहिला हप्ता.
मुकादम म्हणाला होता, हा माल सुकून पोत्यात गेला
की हिशेब एकरकमी.
बोटांवर दिवस मोजले. नऊ.
नऊ दिवस ऊन, देवबापा, एवढंच.

रविवारी मंदिरात मोठ्यानं मागितलं.
आभाळ आधीच दुधट झालं होतं.
मी खाली बसले, आणि मागच्या सतरंजीवरून
थोम्या वळवी उठला:
हरभरा वीतभर झालाय, प्रभू,
विहिरीचा तळ दिसतोय,
एक सर पाठव.
पाळकसाहेब क्षणभर गप्प.
मग दोघांसाठी एकच आमेन झालं.

मंगळवारी रात्री
पानी उनं वो, पानी उनं!
पत्र्यावर आधी चार खडे,
मग कुणी पोतंच उपडं केलं.
ताडपत्र्या घेऊन धावलो. पुरल्या नाहीत.
सकाळी मिरची फुगलेली, चौथ्या दिवशी काळी,
पाचव्या दिवशी तिच्यावर पांढरी लव.
मुकादमानं अर्धी मजुरी दिली,
नजर वहीत ठेवून.
यादीतली पुढची मुलगी कॉलेजात गेली.
तिचं नाव मी विचारलं नाही.

लोक आले. म्हणाले,
त्याची योजना असते, शलोमीबाई.
असेल.
पण चहाचा कप खाली ठेवायच्या आत
म्हणून टाकलं, आणि उठले.
पाळकसाहेब थांबले. म्हणाले,
उड्डाणपुलावरून पथारी बघा कधी,
वरून सगळं नीट दिसतं.
मी म्हटलं, साहेब, माझी जागा खाली आहे.
चार हातांपुढचं मला दिसत नाही.
ते हसले नाहीत.
म्हणाले, मलाही नाही.
त्यांच्या सगळ्या प्रवचनांत
तेवढंच मला पुरून उरलं.

जानेवारी तसाच काढला.
गुडघे टेकायची, तोंड उघडायची नाही.
तोही काही बोलायचा नाही.
दोघं बसून राहायचो.

फेब्रुवारीत थोम्या दारात,
डोक्यावर हरभऱ्याची पेंढी, घाटे टचटचीत.
बोलला नाही. काय बोलणार.
मागं त्याची बायको, दिना, काटक्या घेऊन.
अंगणातच हुळा भाजला.
कसियानं राखेतून दाणे वेचले, फुंकले,
एक माझ्या तोंडात घातला.
गोड होता.
त्यात माझा पाऊस होता.
राग यायला हवा होता, आलाही,
आणि तरी मी दुसरा दाणा मागितला.

मिरचीच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत.
पथारीवरची पोरं हे पहिल्याच दिवशी शिकतात.
दुसऱ्यानं पुसावे लागतात.
दिनानं पदर पुढं केला,
धुराचं निमित्त दोघींना पुरलं.

कसिया आता औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते.
यंदा पुन्हा फॉर्म भरलाय.
यादी लागायचीय.
तसं का झालं, मला कळलेलं नाही.
कुणी येऊन सांगितलंही नाही.
आज पथारी पुन्हा लाल आहे,
पश्चिमेला थोडं दुधट.
यंदा मागताना मी थोम्याला आधी विचारलं,
तुझं पाणी भागलं का रे?

वाकते. उलथते.
वरची बाजू कडक, खालची अजून ओली,
मातीकडे तोंड करून पडलेली.
तिलाही ऊन द्यायचं असतं,
पण तिची पाळी आल्यावर.
बापा, हात माझे आहेत, जळू देत.
डोळे तेवढे तुझ्याकडे.