चौथं पोतं

ग्रामपंचायतीनं बादल्या वाटल्या,
एक हिरवी, एक निळी, झाकणासकट.
हिरवीत आता झाडेबाईची तूर हाय,
निळीत दमडूभाऊचं वासरू ढेप खाते,
अन् एकीत मी सोता पाह्यलं,
बारशाच्या दिवशी पन्नास माणसाचं सरबत.
मी काय म्हणू?
चांगली बादली कचऱ्याले कोण देते, बापा.

मी वच्छी. माहा गाडा तीन चाकाचा,
एक चाक कुरकुरते, त्यावरून बाया ओळखते.
दारात सारं एकात एक :
चहाचा चोथा, शाम्पूच्या पुड्या,
कपाशीच्या बियाण्याचं पाकीट,
आंब्याची कोय, पट्टा तुटलेली चप्पल.
अन् वरून म्हणते, वच्छे, तूच निवडून घे.
निवडते. गहू निवडाले मायनं शिकवलं होतं,
हे कोणी शिकवलं नाई.
एक दिवस ब्लेड लागलं अंगठ्याले.

त्या दिवशी कृषी केंद्रवाल्या भोयरले म्हटलं,
युरियाची रिकामी पोती दे, दोरी माही.
दर घरी तीन खिळे ठोकले
बकरीच्या तोंडाच्या वर, पोराच्या हाताच्या खाली,
चुलीपासून चार पावलं.
पाचवं पाऊल लागलं की माणूस फेकून देते,
हे मी मोजून पाह्यलं.
पोत्यावर काही लिहिलं नाई.
एकावर पुडी टाचली, एकावर वहीचं पान,
एकावर डबड्याचं झाकण.
ओलं उकिरड्याले, ते कोणाले सांगा लागत नाई.
फवारणीच्या डब्याले मात्र मी हात लावत नाई,
ते भोयरनंच वापस घ्यावे,
भांडून राह्यली त्याच्याशी, अजून.

पुलगावचा सत्तारभाई गुरुवारी
कडूलिंबाले काटा टांगते.
मी पोतं लावते, तो वजन बोलते,
माही पोरगी वहीत लिहिते.
पहिल्या महिन्यात नऊशे साठ रुपये.
सरपंचबाई म्हणे, शाळेच्या नळाले तोट्या लावू.

पण तिसरं पोतं हलकं.
डबडे होते, तार होती, काच येईना.
गावात काच नाई?
नाल्यात उतरून पाहा, पाय ठेवाले जागा नाई.

मग समजलं. बाटली खिळ्याले टांगली
की सारी गल्ली वाचते.
जिल्हा दारूबंदीचा,
अन् ते मास्तरच्या दारात खुळखुळीन कशी?
नुसती दारूच नाई.
डोंगरेच्या सुनेनं गोळ्यांचे रिकामे पत्ते
परकराच्या तुकड्यात बांधून दिले.
कोणत्या गोळ्या, मी विचारलं नाई,
तिनं सांगितलं नाई.
कचरा घराची चुगली करते.
बारा वर्षं झाले, मले माहीत हाय
कोणाच्या लेकराचा ताप उतरला नाई,
कोणाची बशी भिंतीवर फुटली,
कोणाकडं तेलाचं पाकीट
दोन आठवडे आलंच नाई.
पोटात ठेवते.

टाकीच्या मागं, जिथं बल्ब नाई,
तिथं चौथं पोतं बांधलं,
फाटू नये म्हणून दोन, एकात एक.
कोणी पाहाचं नाई, एवढंच सांगितलं,
तेही घरोघरी नाई, पाण्याच्या लाइनीत,
हंडा भरता भरता.

आठ दिवस काहीच नाई.
मग एका रात्री, टिंग.
कुत्रं भुंकलं, थांबलं.
पुन्हा, टिंग.
आता रोज येते तो आवाज,
हळू, जसं कोणी पायातलं जोडवं काढून ठेवते.
एकदा पावलं ओळखीची वाटली.
बाजूचं अंथरूण रिकामं होतं.
मी कूस बदलली.

गुरुवारी सत्तारभाई बोलला, अठरा किलो.
पोरगी म्हणे, आई, कोणाच्या नावावर?
मी दोरी सोडत होती, गाठ सुटत नव्हती.
लिही, म्हटलं, गाव.