मुंडकार

उताऱ्यावर नाव माझं आहे.
एक-चौदाचा, गेल्याच महिन्यात काढलेला,
तलाठ्याच्या सही-शिक्क्यासकट.
दोनशे चौदा चौरस मीटर, गाव कुर्टी,
एक मानकुराद, एक पपई आणि खालची माती
पार पाताळापर्यंत तुमची,
असं वकील म्हणाला होता विक्रीखत हातात देताना.

गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की कंपनी.
रस्ता कंपनीचा, गटार कंपनीचं,
दिव्याचे नऊ खांब कंपनीचे,
सांडपाण्याची टाकी कंपनीची (वास आमचा),
आणि तो तरणतलाव,
ज्यात मे महिन्यापासून बेडूक तेवढे पोहतात,
वर्गणी न भरता.

पंचायतीत गेलो. घरपट्टी घेतली त्यांनी, पावती दिली,
म्हणाले, रस्ता खासगी, आम्ही कसे येणार?

पहिल्या वर्षी महिना अठराशे होते.
मग अठ्ठावीसशे.
आता एकेचाळीसशे, वर जीएसटी.
सात नंबरच्या तेरेझिन्या फुर्तादोनं विचारलं, हिशेब दाखवा.
उत्तर आलं गुरुग्राममधून:
आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे,
तक्रार क्रमांक तीन हजार एकशे सहा.
घरं आमची बावीस.

माझा बाप बोरीला मुंडकार होता.
भाटकाराच्या माडांखाली दोन खोल्या,
कौल फुटलं तरी आधी त्याच्या पायऱ्या चढायच्या,
खालच्या पायरीवर थांबून विचारायचं.
नारळाच्या पाडपाला भाटकार स्वतः यायचा, स्वतः मोजायचा,
एखादा नारळ कमी भरला तर बापाच्या तोंडाकडे बघायचा.
बघायचा तरी.

पुढे कायदा आला.
बापानं मामलेदाराकडे सतरा वर्षं खेटे घातले.
घर नावावर झालं त्या संध्याकाळी
ना पेढे, ना नारळ.
भिंतीत एक खिळा ठोकला त्यानं,
कुणालाही न विचारता.
त्यावर कधी काही टांगलं नाही.

चवथीपासून चौथा खांब बंद होता.
त्याच अंधारात उल्हास कुंकळ्येकरची आई पडली,
मनगट मोडलं.
अकरा मेल. तीन फोन, तिन्ही वेळा तीच सनई.
मी वीज खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस,
वादळातल्या तारा जोडलेला.
शिडी घेतली.
रखवालदार सोमरानं खालून धरली,
त्याचा तीन महिन्यांचा पगार बाकी, तरी धरली.
बल्ब दोनशे चाळीस रुपये, फोंड्याच्या बाजारातला.
लागला.
तेरेझिन्या बाल्कनीतून म्हणाली, देव बरें करूं.

आठ दिवसांनी नोटीस.
सामाईक मालमत्तेत अनधिकृत हस्तक्षेप,
दंड पाचशे.
त्याखालीच पुढल्या तिमाहीचं बिल,
आणि त्यात एक नवी ओळ:
प्रकाशव्यवस्था सुधारणा, प्रति घर तीनशे.

बावीस गुणिले तीनशे मी पाठीमागे पेन्सिलीनं केलं.
सहा हजार सहाशे.
माझ्या बल्बचे.

रविवारी सगळे जमलो त्याच खांबाखाली,
क्लबहाऊसची चावी कंपनीकडे म्हणून.
उल्हास म्हणाला, कोर्टात जाऊ.
कोणी म्हणालं, विकून टाकू.
कोणी म्हणालं, विकायलाही त्यांचा ना-हरकत दाखला लागतो,
मग थोडा वेळ फक्त बेडूक बोलले.

मी गप्प होतो.
पाच नंबरचा आणि आठ नंबरचा खांबही
लुकलुकायला लागलेत, ते बघत होतो.
शिडी अजून सोमराच्या खोलीला टेकून आहे.
सकाळी फोंड्याला जाईन म्हणतो,
दोन बल्ब,
आणि एक खिळा.