साक्ष

हर्षालीच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात
एक रोमन नाणं आहे, छापताना काळं पडलेलं.
एका बाजूला राजाचं मुंडकं,
दुसरीकडे आठ टोकांची चांदणी, तिला शेपूट.
खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: देवाचा मुलगा.

बाप मेला, आणि सात रात्री आकाशात धूमकेतू दिसला.
लोक म्हणाले, तोच तो, वर गेला.
दत्तक पोरानं ती चांदणी
बापाच्या पुतळ्याच्या डोक्यावर बसवली,
आणि मग त्याला कुणी विचारलंच नाही
की बाबा रे, तू कोण.

'पप्पा, पुढचं तर ऐका.
तो पोरगाही म्हातारा होऊन मेला.
चितेनंतर एक मोठा अधिकारी उभा राहिला,
शपथेवर बोलला: मी त्याला वर जाताना पाहिलं.
राणीनं त्याला दहा लाख नाणी मोजली.'

मी पंखा बंद केला.
बाहेर चव्वेचाळीस अंश, तरी बंद केला.

माझा बाप सुपडू, सूतगिरणीचा रात्रपाळीचा वॉचमन.
अण्णासाहेब गेले तेव्हा तापीच्या वाळूत
तीन तालुक्यांच्या जीपा रुतल्या होत्या.
तेराव्याला, माईकवर,
ज्यानं जन्मात 'कोण आहे' याहून मोठ्यानं
काही म्हटलं नव्हतं, तो म्हणाला:
'मी मन्हा डोयासघाई देखं.
उजेड वर गया. अण्णा देव व्हयनात.'
मंडपात आधी शांतता.
मग नारळ फुटायला लागले.

त्या वर्षी चबुतरा. पुढच्या वर्षी कळस.
भय्यासाहेब चेअरमन, मग आमदार.
भाषणात म्हणतात, मी कोण?
मी फक्त त्यांचा मुलगा.
एवढं नम्र वाक्य
विरोधकांना अजून खोडता आलेलं नाही.
सुताच्या प्रत्येक खोक्यावर अण्णा, डोक्यामागे चक्र.
माझ्या पगाराच्या चिठ्ठीवरही,
डाव्या कोपऱ्यात, सुपारीएवढे.

हो, पगार.
बारावी नापास मी,
चौदाव्या दिवशी स्टोअरला कारकून.
दहा लाख नव्हते.
पण बत्तीस वर्षं धरली, महागाई भत्ता धरला,
तर कदाचित जास्तच.

बाप पुन्हा त्यावर बोलला नाही.
देवळावरून जाताना चपला काढायचा,
मान मात्र वर करायचा नाही,
पायाखालच्या खडीकडे बघत
रस्ता ओलांडायचा.
एकदाच, कळण्याची भाकरी मोडताना,
कुणी काही विचारलेलं नसताना:
'घार व्हती, वाटस माले.'
आणि ठेचा मागितला.

हर्षाली पान उलटते.
पुढच्या राजांच्या चितेवर म्हणे
सगळ्यात वरच्या मजल्यावर गरुड ठेवायचे.
जाळ लागला की त्याला सोडायचे.
'कसले हुशार ना, पप्पा?'
हुशार, मी म्हणतो.

आज आखाजी.
गल्लीत पोरी झोक्यावर,
दर घरात मातीची नवी घागर,
घागरीवर खरबूज, बाजूला सांजोरी, वाटीत आमरस.
आमच्या गल्लीत प्रत्येकाचा बाप आज देव आहे,
उद्या दुपारपर्यंत.
कुणी शपथ घेत नाही. कुणी निवडून येत नाही.
माझ्या बापाचा टाक करायचा राहिलाच.
सोनार म्हणाला, चांदी उतरू द्या.

मी निखाऱ्यावर आगारी टाकली. तूप चरचरलं.
धूर पत्र्यापर्यंत गेला, तिथे घुटमळला,
गेटवर उभ्या माणसासारखा,
मग खिळ्याच्या भोकातून बाहेर.

'आजोबांनी खरंच पाहिलं होतं का?'

मी म्हणालो,
घागर भरलीये का बघ.