नोटीस पिरियड, शारजा

फोनमध्ये माणसं कामाच्या नावानं:
नझीर स्कॅफोल्डिंग,
बेन्सी काँक्रीट पंप,
हमदान म्युनिसिपालिटी दुपारी नको.

'सहज आठवण आली' लिहिलं. खोडलं.
नऊ वर्षांत सहज असा
कुणालाच फोन केला नव्हता.

'कुठे जागा असेल तर'
एवढ्या चार शब्दांत
अल नहदाच्या खिडकीतली दुपार गेली.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत राहिलं,
व्हिसाचे दिवस मोजल्यासारखं.

बेन्सीच्या दोन निळ्या खुणा.
हमदानचा अंगठा.

मगरिबनंतर फोन आला तो नझीरचा,
ज्याचं बिल मी चार महिने अडवलं होतं
एका शिक्क्यासाठी.
'सीव्ही धाडा,' म्हणाला,
आणि हसून, 'शिक्का मारून.'

रात्री त्याचं नाव नीट लिहायला घेतलं.
नझीर.
पुढचं ठाऊक नव्हतं.