माठावरचं नाव

डेकाट्यांच्या ऋजुताने स्कूटर
गोळीबार चौकात माझ्या दुकानाशी टेकवली
आणि विचारलं, काका, फ्रेंच रंगवता का?
म्हटलं, बाई, उर्दू रंगवली, गुजराती रंगवली,
एका दवाखान्यासाठी अख्खी कवळी रंगवली.
अक्षर पाहून काढायचं असतं.
समजलं की हात अडखळतो उलट.

पेंचला वाघ पाहायला निघालेली माणसं, ती सांगत होती,
एक रात्र नागपुरात काढतात
आणि बिस्किटं खाऊन झोपतात,
काय मागावं ते त्यांना कळत नाही
अन् काय मागितलं ते आपल्याला.
महिनाभर ती दुकानं हिंडत होती,
चष्मेवाला, संत्रा बर्फीवाला, पंक्चरवाला शब्बीर,
प्रत्येकाच्या हातावर चार चार शब्द ठेवत
प्रसादासारखे.
शब्बीरने 'मेर्सी' पाठ केलं,
घरी बायकोवर वापरून पाहिलं.
ती तीन दिवस त्याच्याकडे संशयाने बघत होती.

पौनीकर सावजी मात्र अडून बसले.
त्यांच्या फळीवर लिहायचं होतं, त्रे पिकां,
म्हणजे लय तिखट.
ऋजुता म्हणाली, शेवटचा टी लिहायचा, म्हणायचा नाही.
पहिल्या शब्दातला एसही तसाच.
पौनीकर माझ्या रंगाच्या डब्याकडे बघून बोलले,
"जे बोलाचंच नाही
त्या अक्षराचे पैसे काहून देऊ मी?"
अक्षरामागे पंचवीस घेतो मी.
दोन मुकी अक्षरं, पन्नास रुपये.
मी वरच्या पाटीकडे बोट केलं,
कै. दौलतराव पौनीकर यांचे भोजनालय.
तेही आता बोलत नाहीत, म्हटलं,
पुसून टाकू?
पन्नास मिळाले.

डिसेंबरात एक बाई आली एकटीच,
पांढरे केस, गळ्यात दुर्बीण.
फळी वाचून हसली
आणि तरीही मटण मागवलं.
दुसऱ्या घासाला डोळे वाहू लागले,
तोंडापुढे हात हलवत ती म्हणाली, "द लो! द लो!"
पौनीकरांनी ते हिंदीत ऐकलं.
दे. लो.
मोठ्या मनाने त्यांनी अजून एक पळी
तर्री वाढली.

मी शेजारच्या शटरवर शिडीवर होतो.
तिथूनच ऋजुताला फोन लावला.
"पाणी, काका, पाणी मागतेय ती!
पाण्याला ओ म्हणतात!"
नुसतं ओ?
नुसतं ओ.

संध्याकाळी तिने कागदावर लिहून दिलं.
तीन अक्षरं. ई, ए, यू.
तिघांत ओ कुठेच नाही
आणि तिघं मिळून ओ.

माठावर रंग धरत नाही, तो पाझरतो.
दोन दिवस रिकामा करून उन्हात ठेवला,
मग निळ्यात लिहिलं.
पौनीकर पाठीशी उभे होते,
या खेपेला अक्षरं मोजली नाहीत.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"बरोबर तं आहे ना भाऊ.
कोणी हाक मारली
तं आपणही तेच देतो.
ओ."

हिंगण्याकडचे गिऱ्हाईक आता विचारतात,
माठावर काय लिहिलं बाप्पा हे?
पोट्टा सांगतो, पाणी.
मंग पाणी काहून नाही लिहिलं?
लिहिलंय.
खाली, तोटीच्या बाजूला, बारीक अक्षरात.
त्याचे मी घेतले नाहीत.