प्रोकोपीची विजार

लेनाकाठच्या आमच्या गावात, उणे बावन्नला,
पाणी कुऱ्हाडीनं फोडतात,
दूध गोणीतून येतं,
आणि बाजारात मासे शेपटीवर उभे असतात रांगेत,
जणू त्यांनाच काही विकत घ्यायचंय.

उगाच तोंडाची वाफ दवडू नका
असं आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.
दवडलेली वाफ इथं पापण्यांवर,
टोपीच्या केसांवर पांढरी होऊन बसते.
संध्याकाळी आरशात कळतं
दिवसभर आपण किती बोललो.
वर्वारा टपालवाली तर रोज म्हातारी होऊन घरी जाते
आणि चुलीपाशी पुन्हा चाळिशीची होते.

जानेवारीत प्रोकोपीची छाती भरली.
ट्रकनं शहरात नेला त्याला,
धुतलेली विजार दोरीवरच राहिली.
सकाळी तिचं लाकूड झालेलं.
कुणीतरी, इनोकेंतीच असणार,
बॉयलरच्या रात्रपाळीला असलं सुचायला वेळ असतो,
ती फाटकाशी बर्फात रोवली,
पाय फाकवून, कमरेवर हात ठेवल्यासारखी.
फक्त हात नव्हते.

धुक्यातून वर्वारा आली.
"कधी आलास रे? डॉक्टर काय म्हणाले?"
विजार गप्प.
"शिष्ट कुठला!"
दुपारपर्यंत गावभर झालं,
सगळ्यात जास्त तीच हसली.

मग नळी फुटली ती रात्र.
इनोकेंती आणि दोघं बाहेर, जोडत होते.
आत अगाफ्याच्या एका चुलीभोवती आम्ही सतरा जण,
वासरू धरून अठरा.
कुणी बोलत नव्हतं.
पोरं कानात बोटं घातल्यासारखी शांत.
तेवढ्यात तुयारा म्हणाली,
"विजार बाहेर एकटीच आहे."

तिला आत आणा म्हणणारे,
आणि आणली तर उभी कशी राहील म्हणणारे,
असे दोन पक्ष पडले.
जुनी भांडणंसुद्धा निघाली त्यात,
अगाफ्याची एकोणीस वर्षांपूर्वीची न परतलेली कढईही.
पाइप कोमट झाला तेव्हा
लक्षातच आलं नाही कुणाच्या.

मार्चात प्रोकोपी आला, निम्मा होऊन.
फाटकाशी थांबला.
विजारीच्या कमरेत दोन महिन्यांचं टपाल,
खिशात कुणाचातरी मासा.
आधी तिच्या पायांकडे पाहिलं त्यानं,
मग स्वतःच्या.
"माझ्यापेक्षा बरी उभी आहे."

ऊन होतं त्या दिवशी, उणे अकरा.
विजार गुडघ्यात किंचित वाकली.
"सांभाळ रे!" वर्वारा ओरडली.
कुणाला, ते तिलाही सांगता आलं नाही.